बर्फात ठेवलेली ट्यूब

"पयला रिपोर्ट खरा, का ह्यो?" सुभेदारांनी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

मी मलकापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन आता ऊस बघतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीची, स्नेहलची दाढ काढली आणि रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबेना. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली: व्हॉन विलेब्रँड फॅक्टर.

नाव अवघड असलं तरी काम समजायला सोपं आहे. रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा. त्यात हे प्रोटीन असतं. त्याचे तुकडे एकमेकांना जोडून लांबच लांब माळा होतात. रक्तवाहिनी फाटली की माळ जखमेला चिकटते आणि वाहत्या प्लेटलेट्सना धरून ठेवते. मग गुठळी होते आणि रक्त थांबतं. माळ जितकी लांब तितकी पकड घट्ट. प्रोटीन फारच कमी असेल, तर बाळंतपणात जिवावर बेतू शकतं.

सॅम्पल पुण्याला जायचं होतं. आधी ट्यूब मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, मग तो गोठवायचा, ही रीत. त्या दिवशी गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी न फिरवताच ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवली. थंड आहे म्हणजे टिकेल! इतकी वर्षं रक्त काढून ही माझी अक्कल. अख्खं रक्त असं गारठलं की हे प्रोटीन कमी भरतं, लांब माळा तर आधी जातात. मुलीच्या अंगात सगळं ठीक असतं, बिघडतं ते ट्यूबमध्ये.

रिपोर्ट फारच कमी आला. स्नेहलचं लग्न वाईला ठरलं होतं. सुभेदार तो कागद घेऊन स्वतःच वाईला गेले. त्यांना फौजेत खरं बोलायची सवय लागलेली. आमच्याकडे ती लागत नाही. आठवड्याभरात तिकडून नकार आला.

डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करायला लावली. या वेळी मी सगळं रीतीप्रमाणे केलं. रिपोर्ट नॉर्मल आला. दाढेचं रक्त दुखण्यावर घेतलेल्या गोळ्यांमुळे वाहिलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मला पहिली ट्यूब आठवली. लॅब ज्यांची आहे त्या मॅडमना मी सगळं सांगितलं.

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"बोलू नका. हे प्रोटीन तापात वाढतं, ताणात वाढतं. लेव्हल वरखाली होते म्हणायचं. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच काउंटरवर ते माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं.

"दोन्ही खरे, सुभेदार साहेब. रक्तात चढउतार असतो."

"मंजी आता काळजी न्हाई?"

"नाही."

त्यांनी हात जोडले. मला स्वतःची किळस आली.

परवा ते शुगर तपासायला आले. मी स्नेहलची चौकशी केली.

"दोन स्थळं आली व्हती. म्या काय लपवत न्हाई. आदीच सांगतो, रिपोर्ट चांगला हाय, पर पोरीच्या रक्तात चढउतार असतो. लॅबवाल्यांनीच सांगितलंय म्हणतो. मग त्यांचा फोन येत न्हाई."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधली. सुई पहिल्या फटक्यात बसली. त्याचाच मला राग आला.

लॅबमध्ये नवीन माणूस आला की मी पहिल्याच दिवशी सांगतो, ही ट्यूब बर्फात ठेवायची नाही. का ठेवायची नाही, तेही समजावतो. कुणी ठेवली होती, ते सांगत नाही.