पत्त्यांच्या कॅटाएवढे दहा कॉम्प्युटर

रिपेअरिंगच्या प्रत्येक दुकानात एक ड्रॉवर असतो. मशीन उघडून परत बंद केल्यावर जे स्क्रू उरतात, ते त्यात जातात. कुठल्या मशीनचे हे कुणालाच आठवत नाही आणि फेकून द्यायला हात धजत नाही. आमच्याकडच्या किस्स्यांचं तसंच झालंय. मी एकदा काळजीने म्हटलं, "नाना, एवढे स्क्रू उरतात हे बरं नव्हे!" तर नाना म्हणाले, "मशीन चालू आहे ना? मग ते जास्तीचेच होते!"

नाना म्हणजे आयटीआयमध्ये आयुष्यभर वायरमनचा ट्रेड शिकवून रिटायर झालेले गृहस्थ. चार वर्षांपूर्वी माझ्या धुळ्याच्या दुकानात "दोन तास बसत जाईन" म्हणून आले. तेव्हापासून सकाळी दहाला येतात आणि संध्याकाळी सातला, मीच घरी पाठवल्यावर, जातात.

आम्हा दोघांना एकच वेड. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड मिळतो, त्यात अख्खा कॉम्प्युटर असतो. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं. फुकट मिळतं, थोडक्यात भागवतं आणि कुरकुर करत नाही. पहिला बोर्ड चालू झाला तेव्हा नानांनी मीटर लावून पाहिलं. जेमतेम पाच वॅट! नानांनी मीटर काढून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "एवढ्यात आमच्या आयटीआयची घंटासुद्धा वाजत नव्हती हो!"

*

पहिलं गिऱ्हाईक पाचोऱ्याचे कांतीशेठ. बियाण्यांचं मोठं दुकान, तिसरी पिढी गल्ल्यावर. काउंटरमागे टीव्ही लावायचा आणि त्यावर कुठल्या जमिनीला कुठलं वाण, दोन ओळींत अंतर किती, हे दिवसभर फिरत ठेवायचं, असं काम होतं. टीव्हीमागे बोर्ड चिकटवला, चहा घेतला, परत आलो.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन. "ताई, टीव्हीवर काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं येतायत आणि गिऱ्हाईक विचारतंय हे कुठलं वाण!"

गेले. बोर्डाचं मेमरी कार्ड खराब झालेलं. नवीन घातलं. चार दिवसांनी पुन्हा तेच! मग नानांना घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. सात वाजले, शेठ उठले, देवाला हात जोडले आणि खाडकन मेन स्विच खाली ओढला. कार्डावर काहीतरी लिहिलं जात असताना लाईट गेली की कार्डाची वाट लागते. माझी तार सटकली. "शेठ! आधी मशीन शटडाऊन करायचं असतं हो!"

शेठ शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या आजोबांनी मेन पाडल्याशिवाय कुलूप लावलं नाही. माझ्या वडिलांनी लावलं नाही. आता या डबीसाठी मी लावू?"

*

परतीच्या एसटीत माझी चिडचिड चालूच होती. चाळीसगाव गेल्यावर नाना म्हणाले, "ताई, माणूस तीन पिढ्यांचा आहे, डबी आठवड्याची आहे. बदलायचं कुणी?"

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. आठवडाभर खपून मी लिनक्स असं बसवलं की चालू असताना कार्डावर ते एक अक्षरही लिहीत नाही. जे काही करायचं ते तात्पुरत्या मेमरीत, लाईट गेली की सगळं विसरायचं आणि लाईट आली की पुन्हा ताजंतवानं उठायचं. जे खरंच साठवायचं ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तेही चटकन लिहून मोकळं व्हायचं.

पाचोऱ्याला जाऊन शेठना म्हटलं, "घ्या, ओढा!"

शेठनी सात वेळा मेन पाडला. खाली, वर, खाली, वर! दुकानातले हमाल गोळा झाले. सातही वेळा टीव्हीवर कपाशी आली. शेठनी हात झटकले आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं सर्टिफिकेट दिलं. "आता बरोबर. आता पंख्यासारखं झालं!"

*

त्याच शेठकडचा दसरा. दसऱ्याला तराजू, गल्ला, गाडी, सगळ्याची पूजा असते. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याहूनच इंटरनेटवरून त्यांच्या बोर्डात डोकावले, तर तापमान ऐंशीच्या वर! मशीन गोगलगायीच्या चालीने चाललेली. फोन केला. "शेठ, बोर्डाला काही झालंय का?"

"काही नाही. काल पूजा केली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला."

"कुठे घातला?"

"चांगला गच्च बसवलाय, वरच्या भोकांवर. पडू नये म्हणून!"

"शेठ, ती भोकं श्वास घ्यायला आहेत. हार काढा."

 मग एकदम गंभीर आवाज. "दसऱ्याचा हार दिवाळीशिवाय काढत नाहीत ताई."

तेव्हापासून आमच्या माहितीपत्रकात सातवी सूचना आहे. 'हार घालायचा असल्यास बोर्डाच्या खालच्या बाजूने घालावा.' मुंबई-पुण्याच्या कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात आहे का ही, दाखवा मला!

*

मग आल्या मोठ्या बाई. साक्रीच्या वर, डोंगरातल्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दोन एसट्या बदलून आल्या आणि पाणीही न पिता बोलायला लागल्या. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती. दहा जुन्या मशीन, त्यातल्या दोन चालू. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडून त्या दोनही बंद. शाळा समितीचे अध्यक्ष दगडूआबा म्हणत होते, खोली रिकामी करा आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती तिथे ठेवा.

"आबांनी काय सांगितलं माहितीये?" बाई म्हणाल्या. "'बाई, ह्या डबडा कोनी खात नही. तांदूळ पोरे रोज खातस!' आता याला मी काय उत्तर देऊ?"

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर समिती खोली बघणार होती. दहाच्या दहा मशीन चालल्या तर खोली पोरांची, नाहीतर तांदळाची. बाईंचं रिटायरमेंटला एकच वर्ष राहिलेलं. "मी गेल्यावर ती खोली परत कुणी उघडणार नाही," एवढं म्हणून त्या पाणी प्यायल्या. मला गलबलून आलं आणि नाना खिशातून मीटर काढायला लागले.

*

बाईंनी एका बाहेरच्या कंपनीकडूनही माहिती मागवली होती. तिचा सेल्समन आमच्याच दुकानात येऊन थडकला. टाय, चकचकीत पुस्तिका आणि तोंडात गोड हसू. आमचा बोर्ड दोन बोटांत धरून म्हणाला, "मॅडम, हे शाळेत? हे खेळणं आहे. आमचा सर्व्हर बघा!" आणि लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात लाईट गेली. मेचा महिना, दुपारचे दोन, पंखा थांबला. आमचा बोर्ड नानांच्या मोबाइलच्या पॉवर बँकेवर होता, तो आपला चालूच. सेल्समन घाम पुसत पुसत सर्व्हरचे गुण सांगत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग तो मध्येच अडखळला, लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ती तुमच्या खेळण्याची बॅटरी पाच मिनिटं मिळेल का?"

नानांनी दिली! वर त्याला उसाचा रसही पाजला.

*

जुलैत आम्ही माल घेऊन निघालो. दहा बोर्ड, वायरी आणि बारा व्होल्टवर चालणारे छोटे मॉनिटर. मॉनिटरची खोकी टपावर, बोर्ड मात्र नानांनी स्वतःच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, मांडीवर. साक्रीच्या पुढे कंडक्टर आला. "नाना, डबामा काय शे? इतला जपी राहिनात?"

"दहा कॉम्प्युटर," नाना म्हणाले.

कंडक्टर हसला. नानांनी झाकण उघडलं. कंडक्टरने वाकून पाहिलं, एक, दोन, तीन करत दहा मोजले आणि चेहरा पाडून म्हणाला, "माले वाटनं भरीत शे!"

*

शाळेत दोन मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. लाईट असेल तेव्हा त्या भरायच्या, आणि मशीन चालायच्या फक्त बॅटरीवर. म्हणजे गिरणीने काय वाटेल ते करावं! दहाही पडदे उजळले. पाच वाजले तशा मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनीही खाडकन मेन पाडला. मग आमच्या बॅटरीचा खटकाही पाडला! मी आणि नाना एकमेकांकडे बघून इतके हसलो की बाई रागावल्या. सकाळी दहाच्या दहा मशीन उठल्या.

आठ ऑगस्टला बाईंचा फोन. "मॅडम, मशीन अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होतायत. पण काळजी नको, वीज छान मिळतेय! प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं. पोरं ते आलं की टाळ्या वाजवतात."

 ते चिन्ह म्हणजे बोर्डाचं रडणं असतं, वीज कमी पडतेय म्हणून! मला वाटलं, बॅटऱ्या बदलाव्या लागणार आणि आठवड्यात ते होणार नाही. खरं सांगते, त्या दिवशी मी मनात हार मानली होती.

नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. खोलीत शिरून त्यांनी बॅटरीला मीटर लावलं, ती ठणठणीत. मग शेवटच्या मशीनला लावलं. मग आमची ती सुबक, बारीक, ऑनलाइन मागवलेली वायर दोन बोटांत धरली आणि मला फोनवर म्हणाले, "ताई, हिच्यातून वीज निघते, पण पोचेपर्यंत दमते. ही शेवई आहे, वायर नाही!" गावातून विहिरीच्या मोटरची जाडजूड वायर आणली आणि दिवसभरात सगळ्या खोलीत नव्याने ओढली. पिवळं चिन्ह गेलं. पोरं हिरमुसली म्हणे. टाळ्या कशाला वाजवायच्या आता!

*

पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, पेढे वाटले आणि दगडूआबा चार सभासदांना घेऊन खोलीत आले. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर आठ्या. पोरं आपापल्या पडद्यावर चित्रं काढत होती. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या. त्यांचे हात पदरात गुंतलेले मला दिसत होते.

आबा एकेका पडद्यासमोर थांबत चालले होते. शेवटच्या खुर्चीवर तिसरीतली एक पोर पोळ्यासाठी बैल काढत होती. आबा थबकले. "हाऊ बैल शे?"

"हो आबा."

"बैलनं वशिंड इतलं मांगे ऱ्हास का? सरक!"

पोर सरकली. आबा बसले. माउस त्यांनी नांगराच्या मुठीसारखा आवळून धरला होता. पोरीने त्यांचं बोट सैल करून दाखवलं. पहिली रेघ पडद्याबाहेर गेली, दुसरी तिरपी आली, तिसऱ्या रेघेला वशिंड झालं. सभासद मागे उभे राहून सूचना करायला लागले. "पाय आखूड करा आबा." "शेपूट बाकी शे."

आणि वरचा पंखा गरगरत थांबला. ट्यूब विझली. लाईट गेली! समोरची गिरणीही गप्प झाली. मी डोळे मिटून घेतले. नानांनी माझा दंड धरला. उघडून पाहिलं तर दहाही पडदे तसेच, आणि आबा शिंगात अडकलेले. त्यांच्या किंवा सभासदांच्या लक्षातही आलं नाही.

पाऊण तास गेला. शेवटी आबांनी टोपी काढून घाम पुसला आणि वर पाहिलं. "पंखा कसा बंद पडना?"

"लाईट गेली आबा," मोठ्या बाई म्हणाल्या. 

"कव्हय?"

"तुम्ही शिंगं काढत होता तेव्हा."

आबांनी पडद्याकडे पाहिलं. खालच्या जाड वायरीकडे पाहिलं. बॅटरीकडे पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवून दहा पडदे मोजले.  आबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि माउस हातात घेतला.

"बाई, तांदूळ मन्हा ट्रॅक्टरना शेडमा ठेवा. आनि आते माले उठाडू नका, अजून दुसरा बैल बाकी शे!"