विरुद्ध बाजूची चिठ्ठी

देशाच्या संरक्षणाचे गंभीर प्रश्न भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये गेली कित्येक वर्षं नियमितपणे निकाली काढले जात आहेत. सीमावाद, अणुचाचण्या, शेजारी राष्ट्रांशी कसं वागावं, सगळं झालेलं आहे. प्रत्येक वेळी रीतसर ठराव होतो, त्यावर मंडळाचा गोल शिक्का बसतो आणि तो रजिस्टर पोस्टाने दिल्लीला जातो. दिल्लीने अजून एकाही ठरावाची अंमलबजावणी केलेली नाही, पण पोचपावत्या मात्र सगळ्या आल्या आहेत. त्या मंडळाच्या कपाटात तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. लावणारा मीच.

आमचं मंडळ म्हणजे पोलाद कारखान्याच्या, आमच्या भाषेत प्लांटच्या, नोकरीसाठी विदर्भातून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांचं. कोणी अधिकारी होते, कोणी बाबू. आता बहुतेक सगळे रिटायर झालेत, आणि मुलं घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी बोलतात. दरवर्षी २६ जानेवारीच्या आधीच्या रविवारी सकाळी वादविवाद होतो. जी बाजू जिंकेल तिचा ठराव दिल्लीला.

या वादविवादाचा एक नियम आहे. कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी ठरवते. फार पूर्वी लोक आपापल्या मताने बोलायचे. त्या काळात युनियनच्या निवडणुकांवर एक वादविवाद झाला आणि त्यानंतर दोन शेजारी सात महिने एकमेकांशी बोलले नाहीत; एकाच नळाचं पाणी भरत असूनही. तेव्हापासून स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जी येईल ती बाजू त्याने जीव तोडून मांडायची. टाऊनशिपमध्ये शांतता नांदण्याचं हे एक कारण आहे. आमच्यापैकी कोणाचं खरं मत काय, हे कोणालाच ठाऊक नाही.

ही हकीकत सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यानंतरची. समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, असं कोर्टाने म्हटलं. चार महिन्यांनी सैन्याकडून सांगितलं गेलं की सैन्याचा कायदा वेगळा आहे, तिथे हे चालणार नाही. त्यावर टीव्हीवर काही संध्याकाळी निवृत्त जनरल आणि वकील एकमेकांवर ओरडले. आमच्या अध्यक्षांनी ते पाहिलं आणि विषय ठरला: ‘समलैंगिक व्यक्तींना सैन्यात उघडपणे सेवा करू द्यावी.’

कार्यकारिणीत एकाने विचारलं, "बायका-लेकरं येतात. हा विषय कावून?"

"राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे," अध्यक्ष म्हणाले. ते रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. बोलताना अजूनही मागे मिल चालू असल्यासारखा आवाज काढतात. "नाजूक आहे, पण राष्ट्रीय आहे." मग माझ्याकडे वळले. "तुमचा भाचा आलाय ना सुट्टीवर? कॅप्टन? त्यालेच परीक्षक करू. विषय फौजेचा, परीक्षक फौजी."

टाळ्या झाल्या. मी टाळी वाजवली नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. भाऊजी रेल्वेत होते, ते गेल्यावर ताई भिलाई-३ मध्येच स्वतःच्या घरात राहते. भाचा सुट्टीवर आला की एक-दोन दिवसांनी स्कूटर घेऊन माझ्याकडे येतो. त्या वर्षीही, या बैठकीच्या आधीच, आला होता. व्हरांड्यात बसला, चहा प्यायला, आणि कप बशीत ठेवून म्हणाला, "मामा, एक बात आहे. मले बाईमाणसात इंटरेस्ट नाही. पहिलेपासूनच नाही."

मी म्हणालो, "बरं."

"बरं काय?"

"अजून काय म्हणू? मले वाटत होतं तू सांगशील कधी तरी."

त्याने कपबशी बाजूला सरकवली. मग त्याने मुद्दा सांगितला. कोर्टाच्या निकालाच्या दिवशी मेसमध्ये कोणीतरी विनोद केला होता आणि तोही हसला होता. त्या हसण्याचा त्याला कंटाळा आला होता. नोकरीत राहायचं तर पेन्शन मिळेपर्यंत असंच हसत राहावं लागणार. "पेपर टाकून देऊ का मामा? का राहू?"

मी कार्मिक विभागात आयुष्यभर दुसऱ्यांच्या राजीनाम्यांवर टिप्पण्या लिहिल्या. त्या अनुभवाचा इथे काही उपयोग झाला नाही. मी म्हणालो, "घाई नको करू."

मंडळाने परीक्षक नेमल्याची बातमी त्याला नंतर मीच सांगितली. तो हसला. "नाही म्हटलं तर विचारतील, कावून नाही. येतो."

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी मला ‘विरुद्ध’ आली.

मी चिठ्ठी परत डब्यात टाकायला निघालो तर अध्यक्षांनी झाकण लावलं. नियम तो नियम. ‘बाजूने’ची चिठ्ठी आली सुभेदारांना. हे मूळचे भंडाऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार होऊन निघाले आणि नंतर प्लांटच्या सुरक्षा विभागात होते. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. "हे माह्याच्यानं नाही होत, भाऊ," ते मला म्हणाले. "मी या असल्या लोकायच्या बाजूनं बोलू? फौजेत तीस साल काढले मी."

"मी बदलून घेऊ का?" मी आशेने विचारलं.

"नाही. नियम हाय." आणि शाळकरी पोरासारखी नवी वही विकत घेऊन ते घरी गेले.

मी भाच्याला म्हणालो, मी आजारी पडतो. तो म्हणाला, "नको मामा. तुम्ही बोला. आणि ढील नका देऊ. विरुद्ध बाजूले नेमकं काय आहे ते मले एकदा नीट ऐकायचं आहे, घरच्या माणसाच्या तोंडून. त्याच्यावर ठरवतो."

म्हणजे आता त्याची नोकरी माझ्या सात मिनिटांवर आली. वाईट बोललो तर त्याला फसवल्यासारखं, चांगलं बोललो तर काय, ते मला माहीत नव्हतं.

मी तयारी केली. वर्तमानपत्रांची कात्रणं काढली, निवृत्त जनरलांचे लेख वाचले. शिस्त, बराकीतलं एकत्र राहणं, हुकूम देणाऱ्याचा वचक, खेड्यातून येणारा जवान, आणि शेवटी सगळ्यांचा आवडता मुद्दा: समाज अजून तयार नाही. तो लिहिताना मला माझीच एक नोटशीट आठवली. प्लांटच्या एका शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, पहिल्यांदा महिला इंजिनीयर नेमायची होती, तेव्हा मी लिहिलं होतं, ‘महिलांसाठी शौचालयाची सोय नाही, सबब तूर्त विचार करता येणार नाही.’ वरून आदेश आला, बाई रुजू झाल्या. पंधरा दिवसांत शौचालय बांधून झालं. ही आठवण माझ्या बाजूच्या उपयोगाची नव्हती म्हणून मी भाषणात घेतली नाही.

रविवारी हॉल भरला होता. मागच्या टेबलावर समोसे झाकून ठेवले होते, त्यामुळे शेवटपर्यंत कोणी उठणार नाही याची खात्री होती. भाचा कोट घालून एकटाच परीक्षकाच्या टेबलाशी बसला. समोर छापील गुणपत्रक: भाषा, मुद्दे, सादरीकरण, वेळेचं भान. हिंदी शब्दाला अर्धा गुण वजा.

आधी मी बोललो. बोलण्याची मला सवय आहे, आणि लोकांना काय आवडतं तेही ठाऊक आहे. चौथ्या मिनिटाला मी म्हणालो, "सैन्य ही समाजसुधारणेची प्रयोगशाळा नव्हे." या वाक्यात काही अर्थ नाही, मी ते स्वयंपाकघरात उभं राहून तयार केलं होतं. त्याला इतक्या टाळ्या पडल्या की मला थांबावं लागलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष मान हलवत होते. त्यांच्या शेजारी ताई बसली होती. भावाला टाळ्या मिळतात म्हणून तीही वाजवत होती. भाचा मान खाली घालून लिहीत होता. घंटा वाजायला चार सेकंद असताना मी बसलो. वेळेच्या भानात माझा गुण कधी जात नाही.

मग सुभेदार. छातीवर पदकं, हातात वही. पहिलं पान वाचलं, दुसऱ्यावर अडखळले. मग त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"हे सब किताबी हाय," ते म्हणाले. अर्धा गुण गेला. "माह्या प्लाटूनमधी एक होता. तसा. सबको मालूम था. आमी बोलत नव्हतो. वायरलेस सेट त्याच्यापाशी राहे. बर्फामधी सेट बंद पडते, सगळ्यायचे पडत, त्याचा नाही पडला कधी. रातभर पोटापाशी बॅटरी धरून झोपे. गरम राहाले पाहिजे म्हणून."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"मग कोणी तरी चिठ्ठी लिहिली वर. चौकशी लागली. मले बोलावलं. विचारलं, तुमाले काही मालूम हाय का? मी म्हणलो, हाय. जे खरं ते सांगतलं. खोटं कावून बोलू? साहेबानं विचारलं होतं." त्यांनी टेबलावरची वही सरळ केली. "त्याले घरी पाठवलं. जाताना मले सॅल्यूट करून गेला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याचाही माह्यावर नसंल." मग एकदम आठवल्यासारखं अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, "म्हणून माझं म्हणणं, करू द्यावी. उघडपणे. म्हणजे कोणाले विचारायची गरज नाही पडत. माझी बाजू संपली."

तीन मिनिटं शिल्लक होती. लोक घंटेची वाट पाहत बसले, कारण घंटा झाल्याशिवाय टाळ्या वाजवायची पद्धत नाही. घंटा वाजवणाऱ्यालाही काय करावं कळेना. शेवटी अध्यक्षांनी "छान, छान" म्हटलं.

भाच्याने बेरीज केली, दोनदा तपासली आणि उभा राहिला. पहिला क्रमांक मला. सुभेदारांचे हिंदी शब्दांनी साडेचार गुण गेले, वेळेत दोन आणि सादरीकरणात तीन. मुद्द्यांत त्यांना दहापैकी दहा होते, मला सहा. तरी बेरीज माझी जास्त. "नियमाप्रमाणे," तो म्हणाला आणि कागद अध्यक्षांच्या हातात दिला. सुभेदारांनी उठून माझ्याशी हात मिळवला. हरल्याचा त्यांना आनंद झालेला दिसला. पण समोसा न खाताच घरी गेले.

मला घरी सोडायला भाचाच आला. स्कूटर फाटकाशी बंद केली, पण उतरला नाही.

"तुमचं भाषण चांगलं झालं, मामा. खरंच. पण त्यातलं सगळं मी आधी ऐकलेलं होतं. तेवढंच असतं तर मी नोकरीत राहिलो असतो. लढलो असतो बी. कोर्टात, कुठे बी."

"मग?"

"सुभेदार साहेबांचं नव्हतं ऐकलेलं." हँडलवरचा हात त्याने काढला नाही. "मी समजत होतो, माझ्या विरुद्ध कोणी वाकडा माणूस जाईल. तसा नाही जाणार. असाच चांगला माणूस जाईल. माझाच सुभेदार. त्याले विचारतील, आणि तो खरं सांगेल. मले त्याचा राग बी नाही येणार."

मी त्याला म्हणालो की कायदे बदलतात, आज ना उद्या बदलेल, तोवर थांब. हे सगळं मी चांगल्या मराठीत म्हणालो. तो म्हणाला, "सोचतो."

जिंकलेल्या बाजूचा ठराव जिंकणाऱ्यानेच लिहायचा असतो. मी तो बुधवारी लिहिला. ‘समलैंगिक व्यक्तींना सैन्यात उघडपणे सेवा करू देण्यास हे मंडळ विरोध दर्शवीत आहे.’ शिक्का मारला, रजिस्टर केला. खाली टीप टाकून माझं वैयक्तिक मत वेगळं आहे असं लिहावं, असं एकदा वाटलं. पण वैयक्तिक मत लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. पोचपावती पुढच्या महिन्यात आली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भाच्याने ताईला सगळं सांगितलं, नोकरी सोडतो आहे हेही; मलाही समोर बसवलं. ताई मटार सोलत होती. ऐकून घेतलं, दोन-चार शेंगा आणखी सोलल्या, आणि म्हणाली, "लगन नाही करायचं त नको करू बापा. पन पेन्शन कावून सोडतं?" त्याने समजावून सांगितलं, मीही सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते जे इतकी वर्षं चाललं ते पुढेही चालेल, आणि नाही चाललं तर तेव्हा पाहू. शेवटी मीही तिच्याच बाजूने बोललो. या वेळी चिठ्ठी काढलेली नव्हती.

त्याने त्याच वर्षी पेपर टाकले. खरं कारण लिहिलं तर त्याची चौकशी, आणि चौकशी म्हणजे कोणा सुभेदाराला बोलावणं आलं. म्हणून अर्जात कारणापुढे त्याने ‘कौटुंबिक अडचणी’ असं लिहिलं. अर्ज विनातक्रार मंजूर झाला. त्याच्या कुटुंबात त्याची आई आणि मी, एवढीच माणसं आहोत. नोकरी सोडू नकोस असं आम्ही दोघंही त्याला शेवटपर्यंत सांगत होतो.