जयनगरच्या वर्गात आलेला हत्ती

चंदगडहून निघताना हेडमास्तर म्हणाले, "बेंगळुरूला जाताय, तर आपल्या पडद्यावर चालेल असं काहीतरी घेऊन या." इंग्रजीसाठी आमच्या शाळेत मोठा डिजिटल पडदा आलाय. मुलं तो टक लावून बघतात, तोंड मात्र उघडत नाहीत. नववीतली सुजाता तर दोन वर्षांत माझ्या तासाला एक इंग्रजी शब्द बोललेली नाही. तिला काय बोलणार? इंग्रजी मी शिकवतो, पण मराठीतून. अनोळखी माणसाशी इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझीच दातखीळ बसते.

सकाळी बसमधून उतरलो. रिक्षावाल्याला "जयनगर" म्हटलं, तर तो "स्वल्प इरी" (जरा थांबा) म्हणून चहाला गेला आणि चांगला पंधरा मिनिटांनी उगवला. तेवढ्यात मी समोर तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) हाणली. एका इडलीत पोट भरलं.

पद्माक्का जयनगरला माझ्या बहिणीच्या शेजारी राहतात. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मुलींच्या कन्नड शाळेत त्या इंग्रजी शिकवतात, म्हणून त्यांचा वर्ग बघायचं ठरलं होतं.

"या अण्णा, बसा. स्वल्प कॉफी घ्या, मग वर्गात जाऊ."

वर्गात पडदा कुठेच दिसेना. टेबलावर एक जुना मोबाइल आणि छोटा स्पीकर.

"मुली घरून आवाज पाठवतात," अक्का म्हणाल्या. "मिनिटभर बोलायचं, पुसायचं नाही. बाकीच्यांनी ऐकायचं आणि प्रश्न विचारायचे. चुका काढायच्या नाहीत."

चुका काढायच्या नाहीत, तर मास्तर करतो काय? मला काही ते पटेना.

"आज तुम्ही तुमच्या गावाचं सांगा की," म्हणत अक्कांनी मोबाइल माझ्याच हातात दिला. मी व्हरांड्यात गेलो. रेकॉर्ड केलं, पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. चौथं पुसताना खिडकीतून एक मुलगी ओरडली, "सर, नो डिलीट!" अख्खा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचवं तसंच राहिलं. आमच्या उसात शिरलेल्या हत्तीची गोष्ट, अडखळत, दोनदा शब्द विसरत. स्पीकरवर स्वतःचा आवाज ऐकताना मी मान खाली घातली. वर पाहिलं, तर हातच हात. हत्ती एकटाच होता का? तुम्ही डबे वाजवले का? ऊस किती खाल्ला? मी उत्तरं देत सुटलो. घंटा झाली तेव्हा लक्षात आलं, की इतका वेळ मी इंग्रजीतच बोलत होतो. फार बरं वाटलं.

"सरी (बरं)," अक्का हसल्या, "आता पटलं की नाही?"

अक्कांनी ते रेकॉर्डिंग मला पाठवलं. गावी परतल्यावर तेच आमच्या पडद्यावर लावलं. आपले सर अडखळतायत म्हटल्यावर नववीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग सुजाता उभी राहिली.

"सर, अवर हाउस ऑल्सो एलिफंट कम."

वाक्य सुधारायला जीभ वळवळली. मी ती आवरली.

"देन?" मी विचारलं.

ती सांगू लागली. दोन वर्षं ही गोष्ट तिच्याजवळ होती, आणि मी तिला क्रियापदं विचारत बसलो होतो.