बुडालेल्या गावाची सभा

आमचं गाव धरणाखाली गेलं, पण गावाचं मुंबई मंडळ काही बुडालं नाही. आता गाव म्हणजे तेच. वर्षातून एकदा घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात सभा भरते आणि साठी-सत्तरीची माणसं पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. तीसुद्धा वाडीनुसार. वरची वाडी खिडकीकडे, खालची दाराकडे. दोन्ही वाड्यांवर आज एकच पाणी आहे, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्या वर्षीची सभा धरणासाठीच बोलावली होती. आमच्या नदीवरचं वीजधरण ठेवायचं की पाडायचं, यावरून राजकारण पेटलं होतं. एक पक्ष म्हणत होता, भिंत जुनी झाली, गाळ भरला, वीज जेमतेम निघते, आता नदी मोकळी करा. दुसरा म्हणत होता, खालच्या गावांचं पाणी तोडाल, वीजघरातल्या माणसांना घरी बसवाल. पुढच्या निवडणुकीपर्यंत दोघांनी बाजू बदलल्या असत्या तरी मला नवल वाटलं नसतं. पाडा म्हणणाऱ्यांना बुडालेल्या गावाचा ठराव हवा होता. बुडवताना आम्हाला एवढ्या अगत्याने कोणी विचारलं होतं का, असं मी तावातावाने म्हणणार होते. पण विचारलं होतं. आमच्या घरातलं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

गावची रीत घरटी एक सुपारी. ताट फिरतं, आणि ज्या घराला ठराव मान्य असेल ते घर ताटात सुपारी ठेवतं. धरणाला संमती देताना पहिली सुपारी माझ्या वडिलांनी ठेवली होती. बाबा तेव्हा अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. वीज गेली की मशीन बंद पडायचं आणि हे हात बांधून बसायचे. गावात तर विजेचा खांबही नव्हता. धरण झालं की गावात लाइट येईल, असं धरणाच्या साहेबांनी बाबांना सांगितलं आणि बाबांनी गावाला. मुंबईत राहणारा, चार बुकं शिकलेला माणूस. त्यांच्यामागून ताट भरलं.

वीज तयार झाली आणि तारांवरून सरळ शहराकडे आली. गावाला माळावर पत्र्याच्या शेड मिळाल्या. तिथे कित्येक वर्षं रॉकेलचे दिवेच होते. त्या अंधारात माझ्या काकांच्या पाच वर्षांच्या मुलीला साप चावला. तो कोणाला दिसलाच नाही. तिच्याहून वर्षाने मोठी असलेली मी तेव्हा मुलुंडला ट्यूबखाली पाढे गिरवत होते. मला याची आजही लाज वाटते.

काका पुढे अंधेरीला येऊन राहिले. आपल्या सख्ख्या मोठ्या भावाशी त्यांनी बोलणं टाकलं. मंडळाच्या वहीत मात्र दोघांचं घर एकच. गाव बुडालं तेव्हा वाटणी झाली नव्हती, आणि पाण्याखालच्या घराची वाटणी कोण करणार? म्हणजे सुपारीही एकच. दोघांचं एकमत झाल्याशिवाय ती ठेवता यायची नाही.

सभेच्या दिवशी सकाळी बाबांनी पोह्यांची बशी पुढे ओढली आणि म्हणाले, "धरण पाडलं तर ती पोर कशासाठी गेली गं?"

"आणि ठेवलं तर कशासाठी गेली, बाबा?"

माझी जीभ अशीच आहे. त्यांनी बशी बाजूला सारली. मग आतल्या खोलीत जाऊन सदरा बदलला, खिशात सुपारी टाकली आणि चपला घालून दारात उभे राहिले.

वर्गात दोघं भाऊ एकाच रांगेत होते, मध्ये एक माणूस सोडून. ताट आमच्या घरापाशी आलं. काका वळले आणि इतक्या वर्षांनी त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, धरण ऱ्हवांदे नायतर पाडांदेत. तू म्हणशीत तसा करूया. माका दुसरा काय नको. चुकलंय, इतक्याच म्हण."

बाबांचा हात खिशात होता. म्हणा, बाबा, म्हणून टाका, असं मी मनात ओरडत होते.

"गावात लाइट येतली, असां सांगितल्यानी माका," बाबा म्हणाले.

"आणि आमका तू सांगितलंस."

बाबांचा हात खिशातून बाहेर आलाच नाही. अध्यक्षांनी ताट पुढे सरकवलं. चहा यायच्या आत काका निघून गेले.

परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. भांडुप मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "चुकलंय मी."

"मग तिथे का नाही म्हणालात?"

"तोंडात इल्लां. गावासमोर भायर पडूक नाय."

"आत्ता जाऊ या काकांकडे. रिक्षा वळवायला सांगते."

"नको. फुडल्या सभेक सांगतलंय."

मी रिक्षा वळवली नाही. उन्हाची वेळ होती, मला भूक लागली होती आणि खरं सांगायचं तर बाबांचा रागही आला होता. एवढ्या वर्षांत जमलं नाही ते आज थांबलं तर काय बिघडणार, असं वाटलं. माझ्या हातून झालेल्या सगळ्या आळसांत हा एक मला पुरून उरला आहे.

पुढच्या सभेपर्यंत बाबा राहिले नाहीत. धरण अजून उभं आहे. टीव्हीवर रोज कोणीतरी ते पाडतो आणि कोणीतरी वाचवतो. ठरावाच्या वहीत आमच्या घरापुढची जागा तेवढी कोरी आहे.

बाराव्याला काका आले. मी त्यांना आत नेलं, चहा दिला आणि रिक्षातलं सगळं सांगितलं. बाबांचे शब्द त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे सांगितले. काकांनी कप बशीसकट बाजूला सारला.

"तुका सांगितल्यान," ते म्हणाले. "माका नाय."

चहा तसाच ठेवून ते उठले.