विदेशी पाहुणीचा सत्कार

तिचं नाव मी विचारलंच नाही. परदेशातून नागपूरला शिकायला आलेली ती मुलगी सकाळी तिथलं संग्रहालय पाहून संध्याकाळी आमच्या अड्याळला झाडीपट्टीचं नाटक बघायला आली होती. बायकांत भाताच्या तनशीवर मांडी घालून बसली, मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि पडद्याकडे बघत राहिली.

पडदा उघडेना! उद्घाटक, सहउद्घाटक, प्रमुख पाहुणे. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर भाषण. तिची परतीची गाडी बाहेर उभी.

"हमारे यहाँ नाटक शुरू हुआ तो मंत्री को भी दरवाज़े पर रोकते हैं," ती म्हणाली.

शेजारची बाई हसली. "आमच्या इथं मंत्र्याचं झाल्याबिगर नाटकच सुरू होत नाही, माय."

मग निवेदकानं 'विदेशी पाहुणी' म्हणून तिलाच स्टेजवर ओढलं. शाल, नारळ झाल्यावर तिनं माईक धरला. "अब नाटक दिखाइए." पुढाऱ्यांनी हसून टाळ्या पिटल्या आणि पुढचा वक्ता उभा केला!

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती नाटक न बघताच गेली.

पडदा उघडला तेव्हा तिची गाडी नागपूरच्या वाटेवर शहापूरच्या पुढं पोचली असेल. पुढच्या रांगेतल्या खुर्च्याही रिकाम्या होत्या. ज्यांच्यासाठी नाटक अडवून ठेवलं, त्यातला एकही जण ते बघायला थांबला नव्हता.