सलाइनच्या खोलीतल्या बाई

“आधी एकूण पाणी किती, ते सांगा.” बाईंना काहीही विचारा, पहिलं वाक्य हेच. एकदा मी सहज म्हटलं, “आजचा चहा फार गोड झालाय ना?” तेव्हाही त्या हेच म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. एरवी त्यांना हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

नगरच्या एका इस्पितळात मी तेव्हा नर्स होते. बाहेरून सलाइन कमीच यायचं, बरंचसं आमच्याकडेच तयार व्हायचं. इमारतीच्या मागच्या अंगाला त्यासाठी एक खोली होती. तिथे बाई वाफ धरून शुद्ध पाणी करायच्या, मीठ तोलायच्या, बाटल्या भरायच्या. धूळ नको म्हणून दार कायम बंद. बाटल्या आम्ही खिडकीतून घ्यायचो. बाई रसायनशास्त्र शिकलेल्या, चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात पारनेरकडच्या खडी फोडण्याच्या कामावरून हगवण-उलटीचे पेशंट येऊ लागले. खाटा संपल्या, मग जमिनीवर सतरंज्या घातल्या. हगवणीनं रक्तातलं आम्ल वाढलेलं, ते उतरवायला नुसत्या मिठाच्या सलाइननं भागणार नव्हतं. डॉक्टर मला घेऊन स्वतः खिडकीशी आले.

“बाई, दोन भाग सलाइन, एक भाग सोडियम लॅक्टेट. जमेल?”

“जमेल. पण हिशेब दोघींनी वेगवेगळा करायचा,” म्हणत बाईंनी माझ्या हाती कागद दिला.

माझ्या हिशेबात मिठातलं क्लोराइड मिश्रणातही मूळ सलाइनइतकंच दाट आलं. बाईंनी मान हलवली.

“सोडियम दोन्ही बाटल्यांत आहे, म्हणून ते साधारण तेवढंच राहील. क्लोराइड मात्र एकीतच. ते कुठं जात नाही, सिस्टर, पाणी वाढतं. दोन वाट्यांतलं तीन वाट्यांत पसरलं, की दाटपणा दोन तृतीयांश. रक्तात असतो साधारण तेवढाच.”

मी पुन्हा केलं. जुळलं, तेव्हाच त्यांनी मिसळायला घेतलं.

दिवस मावळेपर्यंत गार पडलेल्या मनगटांना नाडी लागू लागली. त्या दिवशी बाई पहिल्यांदाच वॉर्डात आल्या. आपली बाटली कुणाला लागते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीलगत उभ्या राहिल्या. जवळच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे उघडले.

“तुमी डागतरीन हाय का?”

“नाही आजी. हे पाणी मी तयार करते.”

“मंग बसा की वाईच. माझं बी हितं कुनी न्हाई.”

बाई बसल्या. मग रोज काम आटोपलं की येऊ लागल्या. आजी शेळ्यांचं सांगायची, सुनेचं सांगायची. एकदा तर बाईच बोलत होत्या आणि आजी ऐकत होती. मी जवळ गेले, तशा त्या थांबल्या.

एका दुपारी आजीचा मुलगा येऊन तिला घेऊन गेला. संध्याकाळी बाई आल्या, तर खाटेवर दुसरंच कुणी.

“आजींना हलवलं का कुठं?”

“नाही बाई, घरी गेल्या. बऱ्या झाल्या की!”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन पुन्हा म्हणाल्या, “बरं झालं.”

त्यानंतर त्या वॉर्डात फिरकल्या नाहीत.

पुढे कंपनीच्या तयार बाटल्या ट्रकनं येऊ लागल्या आणि ती खोली बंद झाली. बाईंना स्टोअरचं काम देऊ केलं होतं. त्यांनी नको म्हटलं. कुठं जाणार, ते सांगितलं नाही. निघाल्या त्या सकाळी मी एस.टी. स्टँडवर गेले, तोवर त्या गाडीत बसल्याही होत्या. गाडी अर्धी रिकामी होती. शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं. तरी जड पिशवी त्यांनी मांडीवरच धरली होती, कुणाला बसायचं झालं तर जागा असावी म्हणून.