नावाला जोडलेली ‘बाई’

कोविडच्या काळात उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या लॅबमध्ये, विमानप्रवासासाठी लागणाऱ्या चाचणीच्या रिपोर्टच्या रांगेत ती माझ्यापुढे होती. अंबरनाथची, पन्नाशीची, लेकीच्या बाळंतपणाला, दुबईला विमान बदलून लंडनला निघालेली. हातातल्या रिपोर्टवर लॅबवाल्याने तिच्या नावाला ‘बाई’ जोडलं होतं. पासपोर्टवर ते नव्हतं.

“मान दिला, मावशी. कोण बघतंय?”

“दुबईवाले बघतील आणि परत धाडतील. तुझा मान ठेव तुझ्याकडे, माझं नाव दे.”

“सही करणारे साहेब गेले. उद्या या.”

“उद्या माझं विमान आहे. बोलव त्यांना.”

पदर खोचून ती दारातच बसली. पैसे पूर्ण घ्यायचे आणि वर ही मुजोरी! मी भांडायला पुढे सरसावलो, तर तिने हातानेच मला थोपवलं.

शेवटी साहेब आले, रिपोर्ट बदलला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने तो पासपोर्टशी ताडला आणि रांगेकडे वळली, “आपापली नावं इथंच बघून घ्या रे. तिकडे कोण ऐकणार?”

रांगेत पटापट पासपोर्ट उघडले.